युरोपातून आफ्रिकेतल्या घरी जाताना : प्रवासखर्चाविषयी प्रश्नोत्तरे

लग्नामुळे, जन्मामुळे किंवा मैत्रीमुळे ज्यांचे आफ्रिकेशी नाते जुळले आहे आणि जे आज युरोपात राहतात, अशा मराठी वाचकांकडून आलेल्या काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. भाडी, कर आणि व्हिसाचे नियम बदलत असतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी संबंधित दूतावासाच्या व विमानकंपनीच्या संकेतस्थळावर त्यांची खातरजमा करून घ्यावी.

प्रश्न : माझे यजमान घानाचे, मूळ गाव कुमासी. आम्ही लंडनला राहतो. मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. नाताळात गेलो की चौघांच्या तिकिटांतच वर्षभराची बचत संपते. अक्रा मुंबईपेक्षा जवळ असूनही तिथले भाडे कमी का नसते? आणि ते कमी कसे करावे?

उत्तर : विमानाचे भाडे अंतरावर ठरत नाही. त्या मार्गावर किती कंपन्या आहेत, किती जागा आहेत आणि नेमक्या कोणत्या आठवड्यात किती माणसांना जायचे आहे, यावर ते ठरते. लंडनहून मुंबई सुमारे ७,२०० किलोमीटर आणि अक्रा सुमारे ५,१०० किलोमीटर आहे. पण मुंबईच्या प्रवाशासाठी थेट जाणाऱ्या कंपन्यांबरोबर आखातातल्या बड्या कंपन्याही चढाओढ करतात, तशी चढाओढ अक्र्याच्या मार्गावर नाही. आफ्रिकेतील बहुतेक मार्ग अजूनही दोन-दोन देशांमधील करारांनी बांधलेले आहेत. खंडांतर्गत आकाश खुले करण्याचा यामुसुक्रो निर्णय १९९९ सालचा आहे आणि आफ्रिकी संघाने एकल हवाई बाजारपेठेची घोषणा २०१८ मध्ये केली; तरीही अंमलबजावणी रखडलेली आहे आणि विमानतळांवरचे कर व शुल्क तिकिटाचा मोठा भाग खातात.

त्यात डिसेंबर. घानाने २०१९ हे ‘परतीचे वर्ष’ म्हणून साजरे केल्यापासून त्या महिन्यात केवळ परदेशस्थ घानावासीच नव्हे, तर अमेरिकेतील आफ्रिकी वंशाचे पर्यटकही अक्र्याला लोटतात. अक्रा आणि लागोसमधल्या या हंगामाला आता ‘डेटी डिसेंबर’ असे नावच पडले आहे. शाळा सुटल्यावर जाऊन शाळा उघडण्याआधी परतायचे, हे बंधन सगळ्याच कुटुंबांवर असल्यामुळे त्या मोजक्या दिवसांचे भाडे कोणत्याही युक्तीने फारसे खाली येत नाही. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना मुलांना परवानगीशिवाय नेल्यास प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो आणि २१ दिवसांत न भरल्यास तो १६० पौंड होतो. दोन पालक आणि दोन मुले हा गुणाकार केल्यास तिकिटातली बचत तिथेच बरीचशी संपते. शिवाय दंड गृहीत धरून बेत आखणे मला प्रशस्त वाटत नाही.

माझा सल्ला असा की नाताळचा हट्ट एक वर्षाआड सोडावा. ईस्टरला घानात क्वाहूच्या डोंगराळ भागात मोठा उत्सव भरतो आणि नातेवाईकही गावी आलेले असतात. ऑगस्टमध्ये दक्षिण घानात पावसाची उघडीप असते आणि हवा तुलनेने थंड असते. उन्हाळी सुटीतही भाडे चढतेच. पण प्रवासी सहा आठवड्यांत विखुरलेले असल्यामुळे तारखा दोन-चार दिवस मागेपुढे करून फरक पाडता येतो. डिसेंबरबाहेर गेल्यास आणखी एक खर्च कमी होतो, जो कोणी वहीत मांडत नाही : नाताळात परदेशाहून आलेल्या माणसाकडून साऱ्या आप्तांच्या ज्या अपेक्षा असतात, त्या ऑगस्टमध्ये बऱ्याच सौम्य असतात. नाताळातच जाणे अपरिहार्य असेल, तर तिकिटे उन्हाळ्याआधी घ्यावीत आणि २४ किंवा २५ डिसेंबरला निघणाऱ्या विमानांची भाडीही पाहावीत.

कराबाबत एक गोष्ट तपासून घ्यावी. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला हवाई प्रवासी कर भरावा लागतो. घानाच्या अंतरगटासाठी इकॉनॉमी वर्गात तो एप्रिल २०२६ पासून माणशी १०२ पौंड आहे. इकॉनॉमीतून जाणाऱ्या सोळा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. तेव्हा आपल्या दोन्ही मुलांच्या तिकिटांत तो लावलेला नाही ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

वडील घानाचे नागरिक असतील, तर मुलांना वंशाधारे घानाचे नागरिकत्व मिळू शकते. पारपत्र काढण्याची दगदग एकदाच होते. व्हिसाचे शुल्क मात्र दर खेपेला द्यावे लागते. आपल्याला स्वतःला भारतीय पारपत्रावर काय किंवा ब्रिटिश पारपत्रावर काय, व्हिसा लागेलच. अक्र्याहून कुमासीला विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येते. रस्त्याने अंतर सुमारे २५० किलोमीटर असले तरी अर्धा दिवस सहज जातो. चौघे आणि सामान असल्यास मला रस्ताच बरा वाटतो, मात्र रात्रीचा नको.

प्रश्न : आम्ही अँटवर्पला असतो, पत्नी मोरोक्कोतील नाडोरची आहे. सासरे म्हणतात की उन्हाळ्यात मोटारीनेच यावे, सगळे तसेच येतात. विमान स्वस्त की मोटार?

उत्तर : आफ्रिकेतील इतर देशांच्या तुलनेत आपण सुदैवी आहात. युरोपीय संघ आणि मोरोक्को यांनी २००६ च्या डिसेंबरात मुक्त आकाश करार केला, त्यामुळे स्वस्त विमानकंपन्यांना तिथे शिरता आले. दोघेच असाल, सामान थोडे असेल आणि सुटी दोन आठवड्यांची असेल, तर विमानच घ्यावे. चौघे-पाच जण, महिनाभराचा मुक्काम आणि तिथे फिरण्यासाठी गाडीची गरज असे असेल, तर मोटार परवडते.

सासरे सांगतात ते खरे आहे. अलीकडे दर उन्हाळ्यात स्पेनच्या बंदरांतून मोरोक्को आणि अल्जीरियाकडे जहाजाने जाणाऱ्या व तिथून परतणाऱ्या प्रवाशांची संख्या मिळून तीस लाखांवर जाते. स्पेन त्यासाठी १५ जून ते १५ सप्टेंबर अशी खास व्यवस्था उभी करतो आणि मोरोक्कोच्या बाजूला ‘मरहबा’ या नावाने स्वागतकेंद्रे चालतात. बहुतेक लोक अल्जेसिरासहून तांजेर-मेडला उतरतात. आपल्याला मात्र नाडोरला जायचे असल्याने अल्मेरियाहून थेट नाडोरला जाणारे जहाज पाहावे. समुद्रावर वेळ अधिक जातो आणि तिकीटही महाग असते, पण तांजेरहून नाडोरपर्यंतचा रस्ता आणि त्यावरचे इंधन वाचते. जुलैअखेर आणि ऑगस्टचा पहिला शनिवार-रविवार टाळावा. पथकर, वाटेतला किमान एक मुक्काम आणि मोरोक्कोत चालणारे विमापत्र, म्हणजे ग्रीन कार्ड, हे सारे धरूनच विमानाशी तुलना करावी. मुक्काम म्हणजे झोपेचा खर्च, आणि त्यात काटकसर करू नये. दीड-दोन हजार किलोमीटर सलग गाडी हाकणाऱ्या माणसाच्या हातात सारे कुटुंब असते.

प्रश्न : डॉर्टमुंडमधील माझे सहकारी मूळचे कॅमेरूनचे आहेत. वडील वारले तेव्हा त्यांना तातडीच्या तिकिटासाठी कर्ज काढावे लागले, व्हिसासाठी धावाधाव झाली ती वेगळीच. अशा प्रवासाची तयारी आधी करता येते का?

उत्तर : येते, आणि कागदांपासून सुरुवात करावी. जर्मनीने २७ जून २०२४ पासून नव्या नागरिकांना जुने नागरिकत्व ठेवण्याची मुभा दिली. पण कॅमेरूनचा कायदा स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे मूळ नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे दुआलात जन्मलेल्या माणसालाही जर्मन पारपत्रावर जन्मगावी जायला व्हिसा लागतो. २०२३ पासून अर्ज ऑनलाइन करता येतो. पुरेशी मुदत शिल्लक असलेले पारपत्र, छायाचित्र, जन्मदाखला आणि पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती एका जागी तयार ठेवल्या, तर वाईट बातमी आल्यावर निदान कपाटे धुंडाळावी लागत नाहीत.

पैशांसाठी त्यांच्या समाजाकडे उत्तम साधन आहे. आपली भिशी जशी चालते, तशीच कॅमेरूनमध्ये ‘तोंतिन’ किंवा ‘न्जांगी’ चालते. घानात ती ‘सुसू’, केनियात ‘चामा’ आणि इथिओपियात ‘इक्कुब’ म्हणून ओळखली जाते. युरोपातल्या अनेक गटांत फिरत्या रकमेखेरीज दुःखद प्रसंगांसाठी वेगळा निधीही असतो. सहकाऱ्यांच्या गटात तो नसेल, तर एका परतीच्या तिकिटाइतकी रक्कम कायम शिल्लक राहील असा नियम त्यांनी सुचवावा. ही रक्कम युरोत ठेवली तरी हरकत नाही, कारण कॅमेरूनचा सीएफए फ्रँक एका युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे. नायजेरियातल्या माणसाला असा आधार नाही. जून २०२३ नंतर नायरा इतका घसरला की तिथे साठवलेल्या पैशांत युरोपचे तिकीट निघेनासे झाले.

बातमी कळताच तिकीट घेऊ नये, आधी अंत्यविधीची तारीख विचारावी. दक्षिण कॅमेरूनमधील किंवा घानातील ख्रिस्ती कुटुंबांत परदेशातल्या मुलाबाळांना पोहोचता यावे म्हणून अंत्यविधी अनेकदा काही आठवड्यांनी ठेवतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशीचे महागडे तिकीट काढणे म्हणजे निष्कारण भुर्दंड होय. मुस्लिम कुटुंबात दफन बहुधा चोवीस तासांत होते आणि युरोपातून निघालेला माणूस तसाही पोहोचू शकत नाही. तिथे नंतरच्या विधींना जाणे आणि आईजवळ अधिक दिवस राहणे मला अधिक अर्थाचे वाटते. तिकीट तारीख बदलता येणारे घ्यावे, आणि दुआला व याउंदे या दोन्ही विमानतळांची भाडी पाहावीत.

प्रश्न : डब्लिनमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या नायजेरियन परिचारिकेने डब्लिन–लंडन आणि लंडन–लागोस अशी दोन स्वतंत्र तिकिटे घेतली, कारण ती मिळून स्वस्त होती. पहिले विमान दोन तास उशिरा पोहोचले, दुसरे सुटले आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडाले. तिला भरपाई मिळेल का?

उत्तर : दुर्दैवाने नाही. दोन तिकिटे म्हणजे दोन वेगळे करार. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने त्या परिचारिकेचा प्रवास लंडनलाच संपला आणि तिथला उशीर भरपाईसाठी लागणाऱ्या तीन तासांपेक्षा कमी होता. दुसऱ्या कंपनीचे विमान तर वेळेवर सुटले.

हाच प्रवास एका बुकिंगवर असता, तर चित्र वेगळे दिसले असते. युरोपीय संघाचा नियम २६१ संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक प्रवासाला लागू होतो, कंपनी कोणत्याही देशाची असो; आणि उशीर मोजतात तो अंतिम मुक्कामी, म्हणजे लागोसला. पुढचे विमान चुकले की कंपनीने दुसऱ्या विमानात जागा द्यायची, वाटेत जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल द्यायचे. सध्याच्या नियमांनुसार ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात भरपाई ६०० युरो असते, उशीर तीन ते चार तासांचा असल्यास ती निम्मी होऊ शकते. वादळासारख्या असाधारण कारणाने उशीर झाल्यास मिळत नाही. परतीच्या वाटेवर मात्र हा नियम केवळ युरोपीय संघातील कंपन्यांना लागू होतो. कासाब्लांका, इस्तंबूल किंवा अदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट घेताना हा फरक ध्यानात असावा. त्यासाठी ते तिकीट टाळावे असे मी म्हणणार नाही, कारण पश्चिम आफ्रिकेसाठी या तीन शहरांतूनच अनेकदा परवडणारी भाडी मिळतात.

स्वतंत्र तिकिटांत आणखी एक अडचण आहे. लंडनला सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यायचे म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करणे आले, आणि नायजेरियाच्या पारपत्रावर त्यासाठी सहसा ब्रिटनचा व्हिसा लागतो. आयर्लंडचा निवास परवाना तिथे पुरेल असे गृहीत धरू नये.

प्रश्न : आम्ही नैरोबीत वाढलेले मराठी, आता लेस्टरला स्थायिक आहोत. वृद्ध आई नैरोबीत आहे आणि भाऊ पुण्यात. एकाच खेपेत दोघांना भेटण्यासाठी काय करावे? पती ६८ वर्षांचे आहेत.

उत्तर : लंडन–नैरोबी–मुंबई–लंडन असे बहुशहरी तिकीट एकाच बुकिंगवर मागावे. दोन स्वतंत्र परतीच्या तिकिटांपेक्षा ते बहुधा स्वस्त पडते आणि नैरोबी–मुंबई थेट विमानही आहे. खर्चाचा खरा धोका दुसरीकडे आहे. केनियातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात. ते नसल्यास मुंबईत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते, तेव्हा जुनी पिवळी पुस्तिका शोधावी. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेण्यात धोका अधिक असतो. पतींनी पूर्वी घेतली नसेल, तर तिकिटाआधी डॉक्टरांशी बोलावे. प्रसंगी आधी पुणे आणि मग नैरोबी असा क्रम उलटवला की हा प्रश्नच उरत नाही.

‘आम्ही तिथलेच, आम्हाला मलेरिया होत नाही’ हे वाक्य मी फार ऐकले आहे. युरोपात वर्षानुवर्षे राहिल्यावर ती प्रतिकारशक्ती ओसरते, आणि ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या मलेरियाचे बहुसंख्य रुग्ण घरच्यांना भेटून परतलेलेच असतात. नैरोबी शहरात धोका कमी आहे; पण मोम्बासा किंवा किसुमूला जाणार असाल, तर गोळ्यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत, कारण त्या सरकारी आरोग्यसेवेतून मिळत नाहीत.

प्रश्न : रॉटरडॅमहून अक्र्याला भेटवस्तू नेताना जादा सामानाचे शुल्क फार होते. पिंपातून पाठवणे बरे का?

उत्तर : कपडे, भांडी, साबण, डबाबंद पदार्थ यांसाठी निश्चितच. मात्र आफ्रिकेच्या मार्गांवर बऱ्याच तिकिटांत २३ किलोंच्या दोन बॅगा नेता येतात, आणि सर्वांत स्वस्त तिकिटात एकच. तो फरक आधी पाहावा. समुद्रमार्गे तेमा बंदरात पोहोचून पिंप हाती पडायला दोन महिने सहज लागतात, म्हणून नाताळचे सामान सप्टेंबरातच रवाना करावे. दर घेताना बंदरावरचे सीमाशुल्क आणि घरापर्यंतची वाहतूक त्यात धरली आहे का, हे लेखी विचारावे. आतील वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी, एक पिंपात आणि एक आपल्याजवळ. औषधे, कागदपत्रे आणि रोकड पिंपात ठेवू नये.