पहिल्या नेमणुकीला निघताना

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. आपल्या मेथडिस्ट चर्चच्या कॉन्फरन्समध्ये बिशपसाहेबांनी पाळकांच्या नेमणुका वाचून दाखवल्या आणि त्याच संध्याकाळी लोकांनी तुला घाबरवायला सुरुवात केली. मंडळीत दोन गट आहेत, रविवारी मागची बाकं रिकामी असतात, वर्गणी थकलेली आहे, पार्सनेजचं, म्हणजे पाळकाच्या घराचं, छप्पर गळतं. आणि तू मला विचारतेस, पहिला उपदेश कशावर करू?

उपदेशाचं नंतर बघू. आधी घरोघर जा.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट लोकांच्या सभागृहावर कर्ज होतं आणि ते कसं फेडायचं यावर बैठक बसली होती. फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवलं, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, आपल्यातले कितीतरी लोक गरीब आहेत, त्यांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर फॉय म्हणाला, मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. देता आलं तर उत्तम, नाही आलं तर त्यांचं मी भरीन. तुम्हीही आपापल्या शेजारच्या अकरा जणांचं असंच बघा. तसं ठरलं. माणसं पेनी गोळा करायला दारोदार जाऊ लागली, आणि थोड्याच दिवसांत ती मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्लींना येऊन पैशांपेक्षा वेगळंच काही सांगू लागली: अमक्याचं वागणं बरोबर नाही, तमक्याच्या घरी हे असं चाललंय. वेस्लींच्या ताबडतोब लक्षात आलं की इतके दिवस आपल्याला जे हवं होतं ते हेच. आपल्या 'क्लास मीटिंग'चा, म्हणजे दर आठवड्याच्या लहान गटांचा, जन्म असा झाला.

या गोष्टीत मला सर्वांत मोठा वाटतो तो फॉयचा निर्णय. त्याने सगळ्यात गरीब अकरा जण स्वतःकडे मागून घेतले. आपल्याकडे काही मंडळ्यांत थकबाकीदारांची नावं वार्षिक सभेत मोठ्याने वाचली जातात. ज्याचं नाव वाचलं जातं तो पुढच्या रविवारी येत नाही, त्याची बायको येत नाही, मग मुलं संडे स्कूल सोडतात. नंतर आपणच म्हणतो, लोकांचा विश्वास थंडावला. ही पद्धत तिथे असेल तर ती पहिल्याच वर्षी बंद कर. कमिटीतल्या वडील माणसांशी त्यावरून वाद झाला तरी चालेल.

आपल्या मुंबईतही मेथडिस्ट काम घरांतूनच उभं राहिलं. १८७१ मध्ये अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर तिथे आले तेव्हा मेथडिस्टांचं चर्च कुठे होतं? लोक एकमेकांच्या घरी लहान गटांनी जमत, प्रार्थना करत. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार त्यांनी आपणहून सोडला होता आणि शहरातल्या सामान्य माणसांत अगदी साधेपणाने राहत होते. आज त्यांच्या नावाचं चर्च मुंबईत उभं आहे.

तू काय करायचं ते सांगतो. आठ-दहा माणसं पुरेत. चर्चच्या हॉलमध्ये नको, कोणाच्या तरी घरी, रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर. माईक नको. टिळकांचं एखादं भजन म्हणा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, ते आपल्या मेथडिस्ट मंडळीतले नव्हेत, पण त्यांची भजनं आज सगळ्याच मराठी मंडळ्यांच्या तोंडी आहेत, आणि जी आजी उपदेशात पेंगते ती भजनाला पहिली टाळी देते. मग मार्कच्या शुभवर्तमानातला एक लहानसा भाग घ्या. प्रत्येकाला दोन-दोन वचनं वाचू दे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच भाग पुन्हा एकदा सावकाश वाच. नंतर लगेच समजावून सांगायला लागू नकोस. सेमिनरीतून नुकतंच बाहेर पडलेल्या माणसाला हे फार जड जातं, मला ठाऊक आहे. तुझ्याजवळ ग्रीक आहे, टीकाग्रंथ आहेत, सांगण्यासारखं पुष्कळ आहे. तरी थांब. धुणीभांडी करणाऱ्या बाईला रक्तस्रावाने बारा वर्षं पिडलेल्या स्त्रीची गोष्ट ऐकून काय वाटलं, ते आधी तिच्या तोंडून ऐक. तुझा रविवारचा उपदेश तिथेच सुरू होईल.

नंतर प्रत्येकाला विचार, आठवडा कसा गेला, देव कुठे जवळ वाटला, कुठे वाटला नाही. तिथे बोललेलं तिथेच राहिलं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घे. आपल्या वस्त्या लहान असतात, एका घरातली गोष्ट सकाळी नळावर पोचते. हा शब्द एकदा मोडला की गट संपला.

ज्या घरात नुकताच मृत्यू झालाय तिथे स्पष्टीकरणं देऊ नकोस. 'देवाची इच्छा' हे शब्द तर मुळीच तोंडातून काढू नकोस. ८८ वं स्तोत्र वाच. इतर विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, ते अंधारातच संपतं. पवित्र शास्त्राने अशी प्रार्थनाही जपून ठेवली आहे, म्हणून माझा त्याच्यावर अधिक भरवसा बसतो. तरुण मुलगा गमावलेल्या आईला त्या क्षणी पुनरुत्थानाचा अध्याय ऐकवत नसेल, तेव्हा हे स्तोत्र तिच्या बाजूने बोलतं. पुनरुत्थान आपण विसरत नाही. ते तिला कधी ऐकवायचं, ते तिच्याकडून कळेल.

तू लिहितेस की कधी कधी तुझाच विश्वास कोरडा पडतो, मग वेदीपाशी उभं राहायचा मला काय अधिकार? वेस्लींची दीक्षा पाळक म्हणून १७२८ मध्ये पुरी झाली होती. पुढे ते अमेरिकेतल्या जॉर्जियाला जाऊन आले. आणि १७३८ च्या मार्चमध्ये आपल्यात विश्वासच नाही असं वाटून ते उपदेश सोडायला निघाले होते. पीटर बोलर नावाचा जर्मन मिशनरी त्यांना म्हणाला, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचाच उपदेश करत राहा. २४ मे रोजी ते आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेला गेले, तेही मनाविरुद्ध. तिथे कोणीतरी रोमकरांस पत्रावरची लूथरची प्रस्तावना वाचत होतं आणि ऐकता ऐकता त्यांच्या अंतःकरणाला ऊब आली. वाचणारा कोण होता, हे वेस्लींनी रोजनिशीत लिहिलेलं नाही. एवढी मोठी गोष्ट घडली ती एका लहान सभेत, कोणा बिननावाच्या माणसाच्या वाचनातून. आणि पुढच्याच जानेवारीत त्यांनी रोजनिशीत लिहिलं की मी अजून ख्रिस्ती नाही! तेव्हा कोरडे दिवस आले म्हणून राजीनामा लिहायला बसू नकोस. त्या दिवसांत तू गटात जा आणि दुसऱ्याला वाचू दे.

'बाई पाळक' म्हणून कोणी नाक मुरडलं, तर जॉन वेस्लींची आई सुझॅना वेस्ली आठव. १७१२ च्या सुमारास नवरा लंडनला असताना त्या एपवर्थच्या पार्सनेजमध्ये मुलांना आणि नोकरांना उपदेश वाचून दाखवत. शेजारी येऊ लागले, ती संख्या दोनशेच्या आसपास गेली. नवऱ्याच्या मदतनीस पाळकाने तक्रार केली, नवऱ्याने थांबवायला सुचवलं. त्यांनी उलट लिहिलं, नुसतं सुचवू नका, स्पष्ट आज्ञा द्या, म्हणजे न्यायासनापुढे उभं राहताना दोष माझ्यावर राहणार नाही. त्या घरात जॉन तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता.

गटबाजीबद्दल थोडंच लिहितो. दोन्हीकडे चहा घे, कोणाकडेही दुसऱ्याबद्दल बोलू नकोस, आणि हिशेबाच्या वह्या दर महिन्याला सगळ्यांसमोर ठेव. बहुतेक भांडणं अंधारात ठेवलेल्या पैशांची असतात.

आणखी एक. आपली बदली होते. तुझीही होईल, कदाचित तिथे जीव रमल्यावरच. म्हणून या घरगुती गटांचं पुढारपण स्वतःकडे ठेवू नकोस. निवृत्त नर्स असेल, रिक्षा चालवणारा असेल, महिला समाजातली एखादी शांत बाई असेल, त्यांना महिन्यातून एकदा बसवून शिकव आणि मग गट त्यांच्या हाती दे. ते चुकतील, एखादं वचन भलतंच लावतील, तू सावकाश दुरुस्त कर. तुझ्यामागून येणाऱ्या पाळकाला चालते गट मिळाले पाहिजेत.

पोचलीस की सेक्रेटरींकडून सभासदांची जुनी नोंदवही मागून घे आणि बरेच महिने न आलेल्यांची नावं वेगळी लिहून काढ. पहिले दोन आठवडे त्याच घरांसाठी ठेव. छपराचं मी डी. एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट) साहेबांशी बोलतो.

तुझा,
पाळककाका