वंशकल्पनेचा शोध लिनियसपासून सुरू करू नका

17व्या-18व्या शतकातले युरोपीय विचारवंत माणसामाणसांतल्या फरकाची कारणं कशी देत होते, आणि वंशांची वर्गवारी स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने सुरू केली का, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात लिनियसपासून नको, फ्रान्स्वा बर्निएपासून करा. औरंगजेबाच्या काळात दानिशमंद खानाच्या पदरी असलेला हाच तो फ्रेंच वैद्य. त्याचा छोटासा लेख 24 एप्रिल 1684 रोजी पॅरिसच्या ‘जुर्नाल दे सावाँ’ या विद्वानांच्या नियतकालिकात निनावी छापून आला. पृथ्वीची विभागणी देशांऐवजी माणसांच्या शरीरावरून करावी, असं त्यात सुचवलंय.

या लेखात आपल्याकडचा भाग कुठे बसवलाय ते नीट पाहा. मोगलांचा मुलूख, गोवळकोंडा आणि विजापूर हे सगळं त्याने युरोपाच्याच गटात घातलंय. हिंदी लोक सावळे दिसतात ते उन्हामुळे. ज्यांना उन्हात राबावं लागत नाही ते कित्येक स्पॅनिश लोकांपेक्षा काळे नसतात, असं तो म्हणतो. चेहऱ्याची ठेवण थोडी वेगळी आहे हेही त्याला मान्य आहे, पण तेवढ्यावरून वेगळा गट करायचा तर जर्मन आणि स्पॅनिश लोकांचेही करावे लागतील, असा त्याचा मुद्दा. आफ्रिकेकडे वळला की मात्र हाच माणूस नियम बदलतो. तिथला काळा रंग उन्हाचा नाही, तो बीजात किंवा रक्तात आहे, कारण थंड देशात नेलेल्या जोडप्याची मुलंही काळीच होतात, असं तो सांगतो. म्हणजे एकाच लेखात रंग एकीकडे वरवरचा आणि दुसरीकडे उपजत. आणि युरोपच्या अगदी उत्तरेकडच्या लॅप (सामी) लोकांचा स्वतंत्र गट करताना त्याने प्रत्यक्षात डान्झिगला (आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क) फक्त दोघं पाहिली होती. बाकी चित्रं आणि ऐकीव माहिती. एवढ्या तुटपुंज्या आधारावर माणसांच्या संपूर्ण समूहाला कुरूप ठरवणं मला आजही अस्वस्थ करतं.

तेव्हा कुठलाही लेखक वाचताना आधी हे विचारा: हा फरक बदलू शकतो असं त्याला वाटतं का? हवापाण्यावर भर देणारे ‘हो’ म्हणतात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँने 1749 मध्ये सगळी माणसं एकाच जीवजातीची (species) मानली आणि फरक हवामान, अन्न व राहणीवर सोडला. पण त्याच्या लेखी मूळ रंग गोराच, बाकीचे त्यातून बिघडलेले. म्हणून त्याला समतावादी ठरवण्याची घाई नको. उलट ला पेरेर या फ्रेंच लेखकाने 1655 मध्ये आदमच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या, आधीही माणसं होती असं मांडलं ते बायबलमधली कोडी सोडवायला. माणसांचे उगम वेगवेगळे होते असं मानणाऱ्यांनी त्याची कल्पना पुढे उच्चनीचतेसाठी वापरली.

‘त्या काळी सगळे असंच मानत’ हा बचावही टिकत नाही. इंग्लिश वैद्य आणि लेखक थॉमस ब्राउनने 1646 मध्येच काळ्या रंगाची ऊन आणि हामचा (बायबलमधल्या नोहाच्या मुलाचा) शाप, ही दोन्ही कारणं तपासून नाकारली. सेनेगल नदीच्या एका तीरावर काळे आणि दुसऱ्या तीरावर नुसते सावळे लोक असतील, तर सूर्य काय करतोय, हा त्याचा प्रश्न. शापाचं तर बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 9व्या अध्यायातच उघडून पाहा: शाप हामचा मुलगा कनान याला आहे, हामला नाही, आणि रंगाचा उल्लेखच नाही.

लिनियसबाबत सगळ्यात जास्त घोळ आवृत्त्यांचा होतो. त्याच्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या 1735 च्या पहिल्या आवृत्तीत माणसांचे चार खंड आणि चार रंग, एवढंच आहे. स्वभाव आणि ‘कोणाच्या वागण्यावर कशाचा ताबा असतो’ ही वर्णनं 1758 च्या दहाव्या आवृत्तीतली: युरोपीय रक्तप्रधान, आफ्रिकी कफप्रधान, वगैरे. (हा ग्रीक वैद्यकातला शरीरातल्या चार रसांचा हिशेब आहे, आपल्या त्रिदोषांशी जुळवू नका.) आशियाई माणसाचा रंगही 1735 मध्ये तपकिरी आहे आणि 1758 मध्ये फिकट पिवळट झालाय. त्यामुळे ‘लिनियस 1735’ असं लिहून खाली स्वभाववर्णन दिलेला तक्ता कुठे दिसला, तर तो तसाच उचलू नका.