आवाज मोठा आहे, खोली छोटी आहे

"ताई, मी १९ वर्षांची, कुडाळजवळच्या गावात राहते. बाबा दशावतारात काम करतात. पुढच्या महिन्यात मुंबईत नाटकाच्या कोर्सची ऑडिशन आहे. माझा मालवणी हेल जात नाही आणि सगळे म्हणतात तू फार ओरडतेस. काय करू?"

अगो बाय, हेलाचं टेन्शन पहिलं सोड, मच्छिंद्र कांबळींनी याच मालवणीत 'वस्त्रहरण'चे हजारो प्रयोग केले. ऑडिशनला दोन पीस, म्हणजे करून दाखवायचे उतारे, मागितले असतील तर एक बिनधास्त मालवणीत कर. दुसरा मात्र प्रमाण मराठीत, आणि तो मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐक, कुठे हेल येतो ते तुझं तुलाच कळेल.

ओरडण्याचं मात्र लोक खरं सांगतायत. तू जत्रेतला दशावतार बघत वाढलीस, तिथे देवळासमोरच्या गर्दीत पार मागच्या माणसापर्यंत आवाज पोचवावा लागतो. ऑडिशनला चार पावलांवर दोन-तीन जण टेबल टाकून बसलेले असतात, तिथे तोच आवाज लावलास तर त्यांना फक्त आवाज ऐकू येणार, पीसमधली बाई दिसणारच नाही. रोज रात्री पडवीत आईला समोर बसवून पीस फक्त तिलाच ऐकू जाईल असा बोल, पण पुटपुटायचं नाही हं, वाक्याचं शेवटचं अक्षर बहुतेक पोरं गिळतात, ते स्वच्छ आलं पाहिजे.

आणि तो यूट्यूबवरचा रडारडीचा मोनोलॉग नको प्लीज, परीक्षक तसलं रडणं दिवसभर बघत असतात. तुझ्या वयाची मुलगी कुणाकडे तरी काहीतरी मागतेय असा उतारा शोध, ते अख्खं नाटक वाच, आणि ज्याच्याशी बोलतेयस त्याला परीक्षकांच्या डोक्यामागे भिंतीवर उभा कर, त्यांच्या डोळ्यात बघत बसू नकोस. मध्येच थांबवून "आता हेच चिडून न बोलता हसत कर" म्हणाले तर पीस फसला असं समजू नकोस, सांगितलेलं पकडतेस का ते बघत असतात. यात तू पुढेच आहेस, दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे, त्यामुळे बाबांना रोज काहीतरी उलटसुलट प्रसंग द्यायला सांग. शिकवणी घरातच आहे तुझी, फुकट.

तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर येऊन सकाळी थेट ऑडिशनला जायचा प्लॅन असेल तर कॅन्सल कर, पावसाळ्यात आपल्या गाड्यांचा काय भरवसा. आदल्या दिवशीच दादरला उतर, झोप काढ, आणि फॉर्मची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेव.