काकांची पंपगन विकू नका, नवीची वाटही बघू नका

कराडकर, काकांची बेंजामिन ३४७, म्हणजे दांड्यानं पंप मारून हवा भरायची ती अमेरिकन छर्ऱ्याची रायफल, विकू नका. आणि नवी प्रीमियम रायफल येईल म्हणून तिला माळ्यावरही टाकू नका. तुम्ही लिहिलंय की आठ पंप मारले तरी दांडा हलकाच चालतो, छर्रा पुठ्ठ्याला जेमतेम भोक पाडतो, दुकानदार म्हणाला 'याचं आता काही होत नाही', आणि पितळ-अक्रोडाची जुन्या धर्तीची पंपगन भारी रूपात पुन्हा निघणार अशी चर्चा वाचून तुम्ही पैसे बाजूला काढायला लागलात. माझ्या बेंजामिन ३९७ ला अगदी हेच झालं होतं, दुकानदाराच्या वाक्यासकट. म्हणून सांगलीतून एवढं लांबलचक लिहितोय.

बंदूक रिकामी आहे का ते कसं बघायचं, नळी कुठं रोखायची, हे तुम्हाला येत असणार. सरळ दुखण्याकडे येतो.

दांडा हलका चालतो म्हणजे पंपाचा वायसर गेलाय. पूर्वी रॉकेलच्या स्टोव्हचा पंप असाच पोकळ चालायचा आणि आई वायसर काढून तेलात भिजवायची, तसलाच प्रकार. दांडा जड लागून पंप मारल्यावर आपोआप उघडत असेल, तर हवा आत घेणारी झडप गळतेय. नळीच्या तोंडाशी फुस्स होत असेल, तर बाहेर सोडणारी. तुमच्या वर्णनावरून पहिलंच आहे आणि तिन्हींत तेच सगळ्यात सोपं आहे.

आता माझं काय झालं ते ऐका, कारण तुम्हीही 'अमेरिकेतून सीलचा सेट मागवू का' असं विचारलंय. मी मागवला. रबराच्या काही चकत्या आणि एक बारकी स्प्रिंग, सगळं काडेपेटीत मावेल एवढं. विकणाऱ्यानं पाकिटावर प्रामाणिकपणे 'एअर रायफलचे भाग' असं लिहिलं आणि पाकीट एका कार्यालयात अडकलं. कुठलं ते लिहीत नाही. नाव घेऊन उपयोग नाही आणि तिथली माणसं आता बदललीही असतील.

तिथं म्हणाले, शस्त्राचे भाग आहेत, परवाना दाखवा. मी म्हटलं, साहेब, या रायफलीला परवाना लागत नाही. तर म्हणाले, मग लागत नाही असं पत्र आणा. पत्रासाठी दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथले बाबू शांतपणे म्हणाले, 'जे लागतच नाही त्याचं पत्र आम्ही कशाच्या आधारावर देणार?' परत पहिल्या ठिकाणी. २०१६ च्या शस्त्र नियमांची प्रत काढून खुणा करून नेली. ती न वाचताच बाजूला ठेवली आणि म्हणाले, हे बाळगण्याचं झालं, आयातीचं वेगळं असतं. तेवढं मात्र त्यांचं बरोबर होतं. बाळगायला मोकळीक आहे म्हणून बाहेरून मागवायलाही आहे, असं नाही. पण हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी त्या चकत्यांवर पाणी सोडून घरी बसलो असतो. रोज नवा कागद, नवी खिडकी, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. शेवटी पाकीट ठेवून घेतल्याचा आकार सीलच्या किमतीपेक्षा जास्त झाला आणि पाकीट परत गेलं म्हणे. परत गेलं की कचऱ्यात गेलं, देव जाणे.

पैशाचं दुःख नाही. 'आज येईल, उद्या येईल' म्हणून मी रायफल उघडून तशीच ठेवली होती, त्यात पावसाळा गेला. पितळेला काही झालं नाही, पण दांड्याची पिन आणि झडपेची स्प्रिंग गंजून बसली. चकत्यांपायी चांगली स्प्रिंग घालवली त्या लोकांनी. अजून आठवलं की डोकं तापतं. असो.

मग एका मित्रानं कुपवाड एमआयडीसीतलं एक हायड्रॉलिक सीलचं दुकान दाखवलं. साखर कारखान्यांच्या आणि जेसीबीच्या सिलिंडरना सील देणारी असली दुकानं आपल्याकडे कमी नाहीत. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात पंपाच्या वायसरसाठी मी सातासमुद्रापार कशाला गेलो, असं तो मित्र अजून ऐकवतो. जुना वायसर आणि माप घ्यायचा व्हर्निअर घेऊन जा. जुना झिजलेला असतो, त्यामुळे माप त्याचं न घेता पंपाच्या नळीच्या आतलं घ्या. पॉलियुरेथेनचा यू-सील, म्हणजे ओठ असलेला यू आकाराचा वायसर, मागा. जुळता मिळाला नाही तर लेथवर कातून देतात. बसवताना सीलचा ओठ झडपेच्या बाजूला हवा, उलटा बसवलात तर पंप हवा दाबतच नाही. आणि दांडा पूर्ण मिटल्यावर पिस्टनचं टोक झडपेच्या तोंडाला टेकलं पाहिजे. मध्ये फट राहिली तर तेवढी हवा झडपेत शिरत नाही, नुसती दबते आणि दांडा उघडला की परत फुगते. नवं सील घालूनही दम येत नाही अशा बऱ्याच बंदुकांत ही फटच असते.

तेल म्हणाल तर डिटर्जंट नसलेलं ३० नंबरचं, थेंबभर. गंज सोडवायचे फवारे रबराजवळ नेऊ नका. आणि ठेवताना छर्रा न घालता एखादा पंप मारून ठेवायचा, म्हणजे झडप बसलेली राहते. घरात लहान मुलं असतील तर तेही कुलपात.

एक इशारा: झडपेचं तोंड मोठं करणं, स्प्रिंग कडक करणं, 'अजून दोन पंप मारून बघू' हे उद्योग नकोत. या रायफलींची कमाल मर्यादा ८ पंपांची आहे. प्रत्येक पुढच्या पंपानं मिळणारा जादा वेग कमी कमी होत जातो आणि मर्यादेपलीकडे हातोडीला झडप पूर्ण उघडता येत नाही, हवा आतच अडकते. शिवाय कायदा. मी वकील नाही, तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत खात्री करून घ्या. पण माझ्या समजुतीप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा, एवढ्यातच परवान्याची सूट आहे. तुमची ३४७ आणि माझी ३९७ दोन्ही ४.५ मिमीच्या, त्यामुळे बसतात. त्यांची जुळी भावंडं ३४२ आणि ३९२ ही ५.५ मिमीची, ती बसत नाहीत.

नव्या प्रीमियमच्या वाटेत, माझ्या मते, हाच मोठा अडसर आहे. अमेरिकेत पंपगनचा शौकीन ५.५ मिमीवाला. भारी रायफल निघालीच तर आधी त्याच मापात निघेल आणि ते माप इथं परवान्यात जातं. वर आयातीचा घोळ, जो मी चकत्यांपुरता भोगलाय.

शिवाय प्रीमियम पंपगन ही काही नवी कल्पना नाही. १९४७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावी शेरिडन कंपनीनं मॉडेल ए ही पंपगन काढली. ५ मिमीचं स्वतःचं माप, अक्रोडाचा दस्ता, आणि किंमत ५६.५० डॉलर, म्हणजे त्या काळात खऱ्या रायफलीशी टक्कर देणारी. सगळ्या मिळून दोन हजारांच्या आसपास खपल्या असतील. कंपनी तगली ती नंतरच्या स्वस्त सिल्व्हर स्ट्रीक आणि ब्लू स्ट्रीकवर, त्या मात्र कित्येक दशकं चालल्या. पुढं शेरिडन बेंजामिनकडे गेली आणि १९९२ मध्ये दोन्ही क्रॉसमन कंपनीकडे. त्याच क्रॉसमनची अलीकडची ३६२ प्लॅस्टिकच्या दस्त्याची आणि स्वस्तातली आहे. याचा अर्थ कंपनीला गिऱ्हाईक कळलंय, असं मला वाटतं. चूक असेन तर आनंदच होईल.

बरं, निघालीच तर अक्रोडाला भुलू नका. दस्त्याचं काम आपल्याकडेही होतं. मिरजेत सतारीला चपड्याचं पॉलिश करणारा कारागीर गाठा, काकांच्या बंदुकीचा दस्ता आरशासारखा करून देईल. प्रीमियमचे पैसे द्यायचे ते दांड्याच्या जोडणीला. सेनेका ड्रॅगनफ्लाय या पंपगनच्या दुसऱ्या आवृत्तीत जास्तीत जास्त १५ पंप आहेत, पण प्रत्येक पंप हलका. बेंजामिनचे शेवटचे दोन पंप मारताना माझ्या वयाचा माणूस घामाघूम होतो. दुसरी गोष्ट, डब्यात सीलचा जादा सेट आहे का? नसेल तर ती रायफल इथं चार-पाच वर्षांची पाहुणी.

तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी ओझरत्या आल्यात. मुलीला स्वप्नील कुसाळेचं बघून नेमबाजीत घालायचं म्हणताय. चांगलंय, पण ही बंदूक त्यासाठी नाही. १० मीटरच्या सामन्यात ६० नेम, प्रत्येकाला पाच-सहा पंप, पोरीचा खांदा राहील का जागेवर? त्या खेळात पूर्वी एकाच पंपात भरणाऱ्या रायफली होत्या, आता आधीच हवा भरलेल्या सिलिंडरच्या आहेत. क्लबातली वापरू द्या. काकांची बंदूक घरी मागच्या अंगणात, मागे भक्कम आडोसा ठेवून, तीन पंपांवर कागद फोडायला. स्प्रिंगच्या बंदुकीसारखा धक्का नाही, त्यामुळे पोरीला श्वास आणि चाप शिकायला झकास.

दुसरं, मेहुण्यांच्या तासगावच्या द्राक्षबागेत पाखरं हाकायला न्यायचं मनातही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. जाळी टाका म्हणावं त्यांना.

सील आणायला जायच्या आधी एक बघा. नळी आणि खालची पंपाची नळी एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या असतात. तोंडाजवळ दोन्हींच्या मध्ये नख घालून बघा. नख शिरलं तर डाख सुटलाय, मग पंप मारू नका, शेगडीवर तापवून स्वतः डाख द्यायलाही जाऊ नका, नळी वाकते. शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच न्या. आणि काम करताना नळी व्हाइसमध्ये आवळू नका, पितळ मऊ असतं. नख शिरत नसेल तर पंपाच्या नळीचं आतलं माप इथं टाका, कुपवाडच्या दुकानात मीच विचारून येतो.