नवरा लपून 'ती' गोळी घेतो हे कळल्यावर राग येणं चूक आहे का?

चूक कसली? फक्त राग गोळीचा आहे की लपवण्याचा, ते एकदा बघा. "माझ्यात काही उरलं नाही म्हणून त्यांना गोळी लागते का," असं तुम्ही विचारलंय. चार वर्षांपूर्वी हेच माझ्या डोक्यात आठवडाभर घोळत होतं.

आम्ही सांगलीचे. ह्यांचं मार्केट यार्डात हळदीचं काम, त्यामुळे शर्ट भिजवण्याआधी मी खिसे उलटे करून झटकते. एकदा पिवळ्या पुडीबरोबर कात्रीने कापलेला पाकिटाचा तुकडा पडला. एकच गोळी, मागे 'सिल्डेनाफिल ५०', म्हणजे पुरुषांना ताठरता यावी म्हणून घेतात ती. आधी वाटलं, बाहेर कुणी आहे. मग वाटलं, मीच जाड झालेय.

विचारलं तर म्हणाले, "तुला काय सांगायचं त्यात?" भांडण झालं, आणि शेवटी मिरजेच्या डॉक्टरांकडे दोघं गेलो. ह्यांना दहा वर्षांची शुगर. तिने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, हे गोळी लागण्याचं कारण. आणि गोळीने इच्छा होत नाही, इच्छा आधी असावी लागते. गोळी फक्त तिथला रक्तपुरवठा वाढवते. हे ऐकून माझा अर्धा राग तिथेच गेला.

उरलेल्या अर्ध्याचं कारण मात्र खरं निघालं. आमच्या घरात सासऱ्यांची सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. ह्यांच्या छातीत कळ आली असती तर मीच ती दिली असती! ह्या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर बीपी धाडकन उतरतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा लपवाछपवी नकोच, आणि मेडिकलमधून परस्पर आणणंही नको.

आता आपल्या बाजूचं. माझी जाऊ म्हणाली, "पन्नाशीत सुटले होते गं, आता परत कुठे!" तिचंही खोटं नाही. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, दुखतं. त्यांच्यासाठी गोळी येते, आपल्याला कुणी विचारतही नाही. मी स्वतःच बाईडॉक्टरांना विचारलं, त्यांनी जेल लिहून दिलं. दहा मिनिटांचं काम, पण तोंड उघडायला मला दोन वर्षं लागली.

हल्ली हे आधी विचारतात, "घेऊ का?" कधी मी हो म्हणते. कधी म्हणते, उद्या पहाटे सौदे आहेत, झोपा गुमान.