वाचक विचारतात : हजरत उमर यांनी दहा वर्षांत नेमकं काय उभं केलं?

मागच्या अंकात हिजरी सन कसा सुरू झाला यावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर भरपूर मेसेज आले आणि बहुतेकांचे प्रश्न फिरून फिरून एकाच माणसापाशी येत होते, दुसरे खलिफा, म्हणजे पैगंबरांनंतरचे मुस्लिमांचे दुसरे प्रमुख, हजरत उमर इब्न खत्ताब. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यांच्यावरच.

प्रश्न : उमर यांच्याबद्दल कुठेही वाचा, लढाया आणि जिंकलेले प्रदेश एवढंच येतं. एवढं मोठं राज्य फक्त तलवारीच्या जोरावर झालं का? आणि मग ते टिकलं कसं?

तलवार होतीच, ती नाकारायचं काही कारण नाही. ६३४ साली पहिले खलिफा अबू बक्र गेले आणि उमर खलिफा झाले, ६३६ ला सीरियाकडे यर्मूकला बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, फौज मोडली, त्याच सुमाराला इराकमधल्या कादिसियाला इराणचे सासानी हरले, ६४२ ला इराणमध्ये नहावंदची लढाई झाली आणि तोपर्यंत सेनापती अम्र इब्न आस यांनी इजिप्तही घेतला होता. यात एक गोष्ट विसरू नका, ही दोन साम्राज्यं ६०२ ते ६२८ अशी जवळजवळ सव्वीस वर्षं एकमेकांशीच लढून पार थकलेली होती, त्यामुळे वाट थोडी मोकळी झाली होती. पण जिंकणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, आणि माझं स्पष्ट मत आहे की उमर यांचं खरं मोठेपण बघायचं असेल तर रणांगण सोडून त्यांचं दफ्तर उघडायला हवं.

इराक हातात आला तेव्हा सवादची जमीन, म्हणजे दजला-फरातच्या (टायग्रिस-युफ्रेटिसच्या) काठची काळीभोर सुपीक जमीन, सैनिकांमध्ये वाटून टाका असा मोठा आग्रह झाला, लुटीची वाटणी तशीच व्हायची ना आधी. उमर यांनी नाही म्हटलं, त्यांचं म्हणणं असं की आज वाटून टाकली तर उद्या जन्माला येणाऱ्यांना काय उरणार, आणि सरहद्दी सांभाळायला पैसा कुठून आणायचा. वाद बरेच दिवस चालला, जवळचे सहकारीसुद्धा विरोधात होते, पण ते हटले नाहीत. मग उस्मान इब्न हुनैफ यांना पाठवून जमिनीची मोजणी करून घेतली, कसणारे शेतकरी जागेवरच ठेवले आणि शेतसारा लावला. हा सारा बैतुलमालमध्ये, म्हणजे सार्वजनिक खजिन्यात, जायचा. सैन्यासाठी बसरा, कूफा आणि इजिप्तमध्ये फुस्तात अशी नवीन ठाणी वसवली, त्यामुळे फौज गावोगावच्या शेतात घुसून बसली नाही.

खजिन्यातला पैसा कुणाला किती द्यायचा याची नोंदवही केली, तिलाच दिवाण म्हणतात, त्यात नावं, घराणी, कोण कधी आलं, कुठल्या लढाईत होता सगळं लिहिलेलं. सुरुवातीला मक्का सोडून मदिनेला आलेल्या मुहाजिरांना वर्षाला चार हजार दिरहम ठरले आणि स्वतःचा मुलगा अब्दुल्ला, तोही मुहाजिरच, त्याला मात्र साडेतीन हजार. लोकांनी विचारलं की असं का, तर म्हणाले त्याला त्याच्या आईबापांनी आणलं, जो स्वतःच्या पायांनी आला त्याच्याएवढं त्याला कसं देऊ. मला हा प्रसंग कुठल्याही लढाईपेक्षा जास्त बोलका वाटतो कारण पाचशे दिरहमचा हिशोब आपल्या पोराच्या विरुद्ध लिहायला हिंमत लागते.

आणि दुसरा प्रसंग, जो कमी सांगितला जातो. मदिनेच्या मशिदीजवळ व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता, उमर आणि त्यांचे सहकारी अब्दुर्रहमान इब्न औफ रात्री पहाऱ्याला गेले. एक तान्हं बाळ सारखं रडत होतं. उमर यांनी आईला सांगितलं बाई, लेकराकडे बघ, आणि परत आले, पुन्हा रडणं, पुन्हा गेले, असं दोनतीनदा झालं. शेवटी ती वैतागून म्हणाली, अहो मी याचं अंगावरचं दूध तोडतेय आणि हा ऐकत नाही, तोडायची घाई एवढ्यासाठी की उमर दूध सुटलेल्या मुलालाच भत्ता देतो. समोर कोण उभं आहे हे तिला माहीतच नव्हतं. नियम उमर यांचाच होता, कागदावर बरोबर दिसत होता आणि घराघरांत त्याचा परिणाम असा होत होता की आया पोरांचं दूध लवकर तोडत होत्या. पहाटेच्या नमाजमध्ये त्यांचा आवाज इतका भरून आला होता की लोकांना पठण नीट कळेना, आणि नमाज झाल्यावर दवंडी पिटवली की मुलांचं दूध तोडायची घाई करू नका, आता जन्मल्या दिवसापासून भत्ता मिळेल. तोच हुकूम सगळ्या प्रांतांतही गेला.

अधिकाऱ्यांवर तर फारच कडक नजर. सुभेदार नेमताना त्याची मालमत्ता लिहून घ्यायची आणि नंतर बेहिशोबी वाढलेली दिसली की निम्मी खजिन्यात जमा. कूफ्यात साद इब्न अबी वक्कास यांनी, कादिसिया जिंकणारे सेनापती हेच, वाड्याला असा दरवाजा बसवला की गाऱ्हाणं घेऊन येणारा माणूस बाहेरच अडायचा, तर उमर यांनी मुहम्मद इब्न मस्लमा यांना मदिनेहून पाठवलं आणि तो दरवाजा जाळून टाकायला लावला. ६३९ च्या दुष्काळात त्यांनी स्वतः तूप-मांस सोडलं, सीरियातून धान्य मागवलं आणि भुकेपोटी चोरी करणाऱ्याची हात तोडण्याची शिक्षा थांबवली.

प्रश्न : जेरुसलेममधल्या सोनेरी घुमटाला उमर यांची मशीद म्हणतात, ती त्यांनीच बांधली का? आणि इतर धर्माच्या लोकांशी ते कसे वागले?

नाही, तो घुमट नंतरच्या उमय्यद घराण्यातले खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळातला, ६९१-९२ च्या सुमारास पुरा झालेला, म्हणजे उमर जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती. टूर गाइडपासून जुन्या पुस्तकांपर्यंत ही चूक सगळीकडे आहे.

शहर मात्र त्यांच्याच काळात आलं, साधारण ६३७-३८ मध्ये, बिशप सोफ्रोनियस यांनी शरणागती दिली. नमाजची वेळ झाली तेव्हा त्यांना पवित्र समाधीच्या चर्चमध्येच नमाज पढा असं सुचवलं गेलं आणि उमर यांनी नकार दिला, कारण मी इथे नमाज पढलो तर माझ्यामागून येणारे ही जागा मागतील. ते बाहेर पायऱ्यांवर गेले. ही हकीकत लिहून ठेवणारा माणूस ख्रिस्तीच होता, दहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, युटिकियस, म्हणून तिला वजन आहे.

पण प्रश्न विचारलाय तर पूर्ण उत्तर द्यायला हवं. गैरमुस्लिमांना संरक्षण होतं, प्रार्थनास्थळं राहिली, पण जिझिया, म्हणजे गैरमुस्लिमांवरचा वेगळा कर, भरावा लागायचा आणि ते बरोबरीचे नागरिक नव्हते, शिवाय खैबरचे ज्यू आणि नजरानचे ख्रिस्ती यांना अरबस्तानातून हलवलं गेलं तेही उमर यांच्याच कारकिर्दीत. सातव्या शतकातल्या राज्यांच्या मानाने त्यांचं वागणं उदार होतं असं मी मानतो, पण ज्यांना घरदार सोडावं लागलं त्यांच्या बाजूनेही ते बघायला हवं.

प्रश्न : अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय उमर यांच्या हुकुमाने जाळलं आणि पुस्तकांवर सहा महिने हमामखान्याचं पाणी तापलं, असा फॉरवर्ड फिरतोय. खरं आहे का?

खोटं आहे, पुढे पाठवू नका. ही गोष्ट पहिल्यांदा दिसते ती तेराव्या शतकाच्या आसपास, घटनेनंतर तब्बल साडेपाचशे-सहाशे वर्षांनी, आणि इजिप्त जिंकल्याची हकीकत लिहिणाऱ्या जुन्या लेखकांमध्ये, ख्रिस्ती असोत की मुस्लिम, तिचा पत्ताच नाही. त्या ग्रंथालयाला धक्के त्याआधीच बसले होते, सीझरच्या वेळची आग इसवी सनापूर्वी ४८ ची आणि ग्रंथालयाची शाखा जिथे होती ते सेरापियमचं देऊळ उद्ध्वस्त झालं ते इसवी सन ३९१ मध्ये. उमर यांचा काळ येईपर्यंत जाळण्यासारखं तिथे काही उरलं होतं याचा पुरावा नाही, आजचे बहुतेक इतिहासकार ही कथा मानत नाहीत.

प्रश्न : एवढा कडक माणूस, मग त्यांचा खून कसा झाला? आणि मुलाला गादी का नाही दिली?

त्यांना पहारेकरी नव्हते हेच एक कारण. नोव्हेंबर ६४४ मध्ये मदिनेत पहाटेच्या नमाजला फिरोज, ज्याला अबू लूलू म्हणतात, त्या इराणी गुलामाने त्यांच्यावर खंजिराने वार केले. आपला मालक मुगीरा आपल्याकडून जास्त वसुली करतो अशी त्याची तक्रार होती आणि त्याच्या हातातलं कसब पाहता रक्कम जास्त नाही असं उमर यांनी म्हटलं होतं. नंतर काही दिवसांतच ते गेले. तेवढ्या वेळात त्यांनी अब्दुल्लाकडून आपल्या डोक्यावरच्या कर्जाचा हिशोब करून घेतला आणि ते फेडायला सांगितलं, आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडे पैगंबरांच्या शेजारी दफनाची परवानगी मागायला पाठवताना बजावलं की अमीर, म्हणजे राज्याचा प्रमुख, म्हणू नकोस, उमर विचारतो असं सांग.

वारसाचं म्हणाल तर सहा जणांची समिती केली, पैगंबरांचे जावई अली, उस्मान, तलहा, झुबैर, अब्दुर्रहमान इब्न औफ आणि साद, ज्यांचा दरवाजा जाळला होता तेच साद. या सहांनी आपल्यातला एक निवडायचा. अब्दुल्लाने सल्ल्याला बसावं पण त्याचं नाव पुढे येणार नाही, ही अट खुद्द वडिलांनी घातली. शिया मुस्लिमांचं म्हणणं वेगळं आहे, पैगंबरांनंतरचा हक्क पहिल्यापासून अलींचाच होता असं ते मानतात, त्यामुळे उमर यांची निवड आणि ही समिती दोन्ही त्यांना मान्य नाहीत, आणि हा मतभेद आजही तितकाच जिवंत आहे. समितीने तिसरे खलिफा म्हणून उस्मान यांना निवडलं, त्यांच्या कारकिर्दीवर पत्रं आली तर पुढच्या अंकात घेऊ.