फंक ब्रेक ताणू नका, उतरवा

तुम्ही विचारलंय: जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' गाण्यातला ब्रेक (नुसत्या ड्रमचा तुकडा) 94 बीपीएमच्या (मिनिटाला 94 ठोके) बीटवर बसवला, पण ऐंशीच्या दशकातल्या हिप हॉप सिंगल्ससारखा दणका का येत नाही?

टाइम-स्ट्रेच केलंत म्हणून, म्हणजे पट्टी तीच ठेवून नुसती लय बदललीत. ड्रमवर ते बटण दाबायचंच नसतं, यावरून माझी भांडणं झालीत आणि मत बदललेलं नाही. स्ट्रेच करताना सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे एकमेकांवर चढवतं. त्यात काठीचा पहिला फटकाच पुसट होतो. ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफिल्डने 1969 मध्ये वाजवलेला तो ब्रेक साधारण 101 चा आहे. 94 वर आणायला सव्वा सेमीटोन (सेमीटोन म्हणजे पियानोवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) खाली उतरवा, लय आणि पट्टी एकत्र. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) जड होईल, स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) खोल वाजेल.

एसपी-1200 या सॅम्पलरवर, म्हणजे आवाजाचे तुकडे भरून पॅडवर वाजवायच्या मशीनवर (1987, 12 बिट, 26.04 किलोहर्ट्झ) दुसरा रस्ताच नव्हता. एका पॅडमध्ये जेमतेम अडीच सेकंद मावायचे. म्हणून मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 वर फिरवून भरायची आणि मशीनमध्ये पाचेक सेमीटोन खाली आणायची. अडीच सेकंदांत जवळजवळ 3.4 सेकंदांचा माल बसायचा, आणि 9-10 किलोहर्ट्झच्या वरचं मूळ काही उरायचं नाही. ज्या खरखरीसाठी लोक आज प्लगिन विकत घेतात, ती या काटकसरीतून आली.

आता चॉप, म्हणजे ब्रेकचे तुकडे करणं. प्रत्येक ठोका सुटा करून ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या लयीच्या समान घरांना) चिकटवलात की स्नेअरवरच्या घोस्ट नोट्स (मधले जेमतेम ऐकू येणारे हलके फटके) मेल्या, आणि ब्रेकची सगळी मजा त्यांतच आहे. फक्त मोठ्या किक-स्नेअरवर कापा, मागची शेपूट, म्हणजे विरत जाणारा आवाज, राहू द्या. काप ठोक्याच्या दोन-तीन मिलिसेकंद आधी, वेव्ह शून्यावर असताना घ्या, नाहीतर 'टिक' ऐकू येते.

या ब्रेकची किक मुळात बारीक आहे. ब्रेक 90 हर्ट्झखाली कापून खाली स्वतःची किक घाला. झूम करून दोन्ही वेव्ह आधी एकाच दिशेला उठतात का बघा. उलट्या असतील तर एकीची पोलॅरिटी फिरवा, नाहीतर दोघी मिळून आणखी पोकळ.

हां, सव्वा सेमीटोन नुसत्या ड्रमला चालतो. त्याच गाण्यातला बेस किंवा हॉर्नही उचलणार असाल तर तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकेल. तेव्हा 94 चा हट्ट सोडा, 95.3 ठेवा, म्हणजे बरोब्बर एक सेमीटोन. आणि गाणं विकणार असाल तर परवानग्या दोन लागतात, रेकॉर्डिंगची वेगळी, रचनेची वेगळी. रचनेवर नाव जेम्स ब्राउनचं, स्टबलफिल्डचं नाही.